मानेने चालणारा कर्सर: शरीराच्या हालचालींवर संगणक कसा चालतो?

माउस हातात धरून वापरणाऱ्याला तो एकच काम करतो असे वाटते. प्रत्यक्षात तो तीन कामे करत असतो. पडद्यावरची जागा दाखवणे हे पहिले काम आणि ‘हीच जागा मला हवी आहे’ असे क्लिक करून सांगणे हे दुसरे. तिसरे काम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: हात बाजूला घेतला की माउस काहीही करत नाही. आपण चहा पितो, खिडकीबाहेर पाहतो, कोणाशी बोलतो, आणि तेवढा वेळ कर्सर जागच्या जागी थांबून राहतो. हातात काहीही न धरता, मान, डोळे, हात किंवा गाल यांच्या हालचालींनी संगणक चालवायचा म्हटले, तर पहिले काम आजच्या कॅमेऱ्यांनी बरेच सोपे केले आहे. दुसरे अवघड आहे, आणि तिसरे सर्वांत अवघड, कारण माउस टेबलावर सोडून देता येतो, स्वतःची मान किंवा डोळे कोठे सोडून देता येत नाहीत. या विषयातील बहुतेक तंत्रे आणि बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून समजून घेता येतात.

हा विचार माउसइतकाच जुना आहे. डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पहिला माउस तयार केला, तेव्हा पडद्यावरची जागा दाखवण्याची इतर साधनेही त्यांनी त्याच्याशी ताडून पाहिली होती. त्यांत प्रकाश-पेन होते, जॉयस्टिक होती आणि टेबलाच्या खालच्या बाजूला बसवलेले, गुडघ्याने चालवायचे एक साधनही होते. गुडघा डावी-उजवीकडे हलवला की कर्सर आडवा सरके आणि गुडघा वर-खाली केला की उभा सरके. दोन्ही हात कीबोर्डवरच राहत, हा त्याचा मोठा फायदा होता आणि नवख्या माणसांचे कामही त्यावर चांगल्या वेगाने झाले. सरावलेल्या माणसांच्या बाबतीत मात्र माउस सरस ठरला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगेलबार्ट यांनी केलेल्या प्रसिद्ध प्रात्यक्षिकात माउस जगासमोर आला आणि गुडघ्याचे साधन मागे पडले. निरोगी हात असलेल्या माणसासाठी तो निर्णय योग्यच होता. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांचा विचार त्या वेळी त्या तुलनेत नव्हता, आणि पुढे कित्येक वर्षे तो फारसा कोणी केलाही नाही.

मधल्या काळातील प्रयोगांकडे धावती नजर टाकली तरी पुरे. १९८० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रिचर्ड बोल्ट यांनी हाताने दिशा दाखवून आणि तोंडाने आज्ञा देऊन पडद्यावरच्या आकृत्या हलवून दाखवल्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बोटांच्या हालचाली मोजणारे हातमोजे आले. २००९ मध्ये प्रणव मिस्त्री यांनी, ज्यांचे डिझाइनचे शिक्षण मुंबईच्या आयआयटीत झाले होते, बोटांच्या टोकांना रंगीत टोप्या लावून गळ्यातल्या कॅमेऱ्याला हातवारे ओळखायला लावले. टोप्या रंगीत ठेवण्याचे कारण सरळ होते. त्या काळी चित्रातले बोट शोधण्यापेक्षा चित्रातला लाल किंवा पिवळा ठिपका शोधणे संगणकाला कितीतरी सोपे जाई.

नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचे किनेक्ट बाजारात आले, तेव्हा अंगावर काहीही न बांधता संपूर्ण शरीर ओळखणारे यंत्र पहिल्यांदाच सर्वसामान्य घरांत पोहोचले. ते कसे चालते हे समजून घेण्यासारखे आहे. डोळ्यांसमोर बोट धरून आधी एक आणि मग दुसरा डोळा मिटला, तर बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते, आणि बोट जितके जवळ तितके ते अधिक सरकते. किनेक्ट डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे हजारो ठिपके खोलीत टाकत असे, आणि शेजारी थोड्या अंतरावर बसवलेला कॅमेरा प्रत्येक ठिपका अपेक्षित जागेपासून किती सरकला हे पाहत असे. त्यावरून चित्रातल्या प्रत्येक बिंदूचे अंतर निघे. उन्हातही अवरक्त प्रकाश भरपूर असल्याने उघड्यावर हे ठिपके बुजून जात आणि यंत्र निकामी होई. २०१३ च्या आवृत्तीत प्रकाशाला जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजण्याची वेगळी पद्धत वापरली गेली. एक मीटरवरच्या वस्तूपर्यंत जाऊन परत यायला प्रकाशाला एका सेकंदाचा सुमारे १५ कोटीवा भाग पुरतो, यावरून त्या मोजणीच्या नाजूकपणाची कल्पना यावी.

अंतरांचा हा नकाशा हाती आल्यावर त्यात हात कोठे आणि खांदा कोठे, हे ठरवणे हा पुढचा भाग होता. केंब्रिज येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील संशोधकांनी त्यासाठी संगणकानेच तयार केलेली, निरनिराळ्या बांध्यांच्या आणि निरनिराळ्या पवित्र्यांतल्या माणसांची असंख्य चित्रे वापरून एक प्रणाली शिकवली. ती चित्रातल्या प्रत्येक बिंदूसाठी ‘हा शरीराच्या ३१ भागांपैकी कोणत्या भागाचा असावा’ असा अंदाज करी, आणि त्या अंदाजांवरून सांध्यांच्या जागा काढी. आज यासाठी वेगळे यंत्रही लागत नाही. गूगलची मीडियापाइप ही मोफत प्रणाली साध्या वेबकॅमच्या चित्रातून हाताचे २१ बिंदू आणि चेहऱ्यावरचे ४६८ बिंदू शोधते, आणि साधारण क्षमतेच्या फोनवरही ती चालते. पहिले काम सोपे झाले असे वर म्हटले ते या अर्थाने.

तरीही हवेत हात फिरवून कार्यालयीन कामे करणारी माणसे आपल्याला दिसत नाहीत, आणि त्यामागचे कारण शरीरातच आहे. माउस धरलेला हात टेबलावर टेकलेला असतो आणि मनगटाची काही सेंटिमीटरची हालचाल संपूर्ण पडद्याला पुरते. हवेत उचललेला हात मात्र स्वतःचे वजन सतत तोलून धरत असतो, त्यामुळे काही मिनिटांतच खांदा भरून येतो आणि थकलेला हात थरथरू लागतो. या क्षेत्रात या थकव्याला ‘गोरिला आर्म’ असे नावच पडले आहे. म्हणूनच हातवाऱ्यांचा उपयोग खरा टिकला तो थोड्या वेळाच्या आणि विशेष गरजेच्या कामांत. टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात शस्त्रक्रिया चालू असताना शल्यविशारदांना निर्जंतुक हात कशालाही न लावता रुग्णाचे स्कॅन पडद्यावर पुढे-मागे करता यावेत, म्हणून किनेक्ट वापरले गेले होते. तिथे हात क्षणभरच उचलायचा असतो, आणि न शिवण्याला खरोखर किंमत असते.

माझ्या मते या तंत्राचे खरे घर मात्र वेगळेच आहे. मज्जारज्जूला इजा झालेला तरुण, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेली मुलगी, स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या मोटर न्यूरॉन आजाराचा रुग्ण यांच्यासाठी माउसला पर्याय म्हणजे शाळा, नोकरी, बँकेचे व्यवहार आणि कोणाच्याही मदतीशिवाय लिहिलेले खासगी पत्र. म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः मानेने चालणाऱ्या कर्सरविषयी आहे.

या प्रकारातले एक महत्त्वाचे सॉफ्टवेअर म्हणजे अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजमध्ये जेम्स गिप्स आणि मार्ग्रिट बेट्के यांच्या कामातून तयार झालेले ‘कॅमेरा माउस’. विंडोजवर ते मोफत चालते आणि त्याला साधा वेबकॅम पुरतो. त्याची मूळ कल्पना अतिशय साधी आहे. वापरणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा एक ठळक बिंदू निवडायचा, बहुधा नाकाचा शेंडा किंवा भुवईचे टोक. त्याभोवतीचा चित्राचा छोटा चौकोन संगणक लक्षात ठेवतो. आणि पुढच्या प्रत्येक चित्रात आसपासच्या भागात त्या चौकोनाशी सर्वांत जास्त जुळणारा तुकडा कोठे आहे हे शोधतो. तो तुकडा जिकडे सरकला तिकडे कर्सर सरकतो. सॉफ्टवेअरला तो बिंदू नाक आहे की आणखी काही, याच्याशी कर्तव्य नसते, आणि हीच त्याची मोठी सोय आहे. ज्याची मान हलत नाही पण पायाचा अंगठा हलतो, त्याच्यासाठी कॅमेरा अंगठ्याकडे वळवता येतो. याच साधेपणात त्याची मर्यादाही आहे: मान बरीच वळली किंवा समोरून कोणाचा हात गेला, की लक्षात ठेवलेला तुकडा निसटतो, कर्सर भलत्याच जागी अडकतो आणि बिंदू पुन्हा निवडून द्यावा लागतो. संपूर्ण चेहरा ओळखणाऱ्या नव्या प्रणालींना ही अडचण कमी येते.

आता थोडे गणित करू, कारण मानेच्या कर्सरबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्यात आहे. समजा, आरामात मान वळवली असता कॅमेऱ्याच्या चित्रात नाकाचा शेंडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६० पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांचे बनते असे ६० बारीक ठिपके, सरकतो. संगणकाचा पडदा १,९२० पिक्सेल रुंद आहे. म्हणजे नाकाचा एक पिक्सेल पडद्यावरच्या ३२ पिक्सेलएवढा झाला. पडद्यावरची खिडकी (विंडो) बंद करण्याचे कोपऱ्यातले बटण साधारण तेवढ्याच आकाराचे असते. नाकाची जागा ओळखण्यात एका पिक्सेलची चूक झाली, किंवा श्वासासोबत डोके किंचित हलले, तरी कर्सर बटणावरून पार पलीकडे जातो. संगणकाला पिक्सेलच्याही अंशापर्यंत जागेचा अंदाज करता येतो, तरीही थरथर उरतेच.

ही थरथर घालवण्याचा सरळ उपाय म्हणजे लागोपाठच्या चित्रांतल्या जागांची सरासरी काढणे. पण सरासरीत जुन्या जागाही धरल्या जातात, त्यामुळे कर्सर मागे रेंगाळतो. वेबकॅम सेकंदाला ३० चित्रे घेतो असे धरले आणि शेवटच्या दहा चित्रांची सरासरी काढली, तर कर्सर मानेच्या सुमारे ०.१५ सेकंद मागे चालतो. आकड्यात हे थोडे वाटते, पण वापरताना ते चांगलेच जाणवते: माणूस बटणाच्या पुढे निघून जातो, मागे येतो आणि पुन्हा पुढे जातो. २०१२ मध्ये कॅसिए, रुसेल आणि व्होगेल या संशोधकांनी सुचवलेली ‘वन युरो फिल्टर’ ही पद्धत यावर फार सुंदर तोडगा काढते. हालचाल मंद असेल तेव्हा माणूस नेम धरत असतो आणि त्याला थरथर त्रास देते, म्हणून तेव्हा सरासरी जास्त. हालचाल वेगवान असेल तेव्हा तो दूर जात असतो आणि त्याला रेंगाळणे त्रास देते, म्हणून तेव्हा सरासरी कमी. माणूस त्या क्षणी काय करू पाहतो आहे याचा विचार त्या छोट्याशा सूत्रात केलेला आहे, आणि म्हणूनच ते अजून वापरात आहे.

आता दुसऱ्या कामाकडे, म्हणजे क्लिककडे वळू. सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे थांबून केलेला क्लिक: कर्सर एका लहान वर्तुळात ठरावीक वेळ, समजा एक सेकंद, स्थिर राहिला की संगणक तो क्लिक मानतो. यात अंगाची आणखी कोणतीही हालचाल लागत नाही. पण वाचण्यासाठी मान स्थिर ठेवली तरी क्लिक होतो, आणि तिसऱ्या कामाचा अभाव इथे ठळकपणे जाणवू लागतो. १९९० च्या सुमारास डोळ्यांनी चालणाऱ्या संगणकांवर काम करताना रॉबर्ट जेकब यांनी या अडचणीला मिडास राजाच्या स्पर्शाची उपमा दिली: हात लावेल ते सोने व्हावे असा वर मिळालेल्या त्या राजाचे अन्नही सोने झाले, तसे जिथे पाहावे तिथे काहीतरी घडू लागते.

यातून बाहेर पडण्याचे मार्ग अनेक आहेत, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे. थांबण्याचा वेळ वाढवला तर नको असलेले क्लिक कमी होतात, पण काम मंदावते. डोळे मिचकावण्याला क्लिक मानायचे म्हटले, तर माणूस मिनिटाला १५ ते २० वेळा नकळत पापण्या मिटतो. म्हणून अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ मिटलेला डोळाच आज्ञा समजावा लागतो. भुवई उंचावणे, तोंड उघडणे, हसणे यांना आज्ञा ठरवता येते आणि नव्या प्रणालींत ते सोयीचे झाले आहे, पण समोर बसलेल्या माणसाशी बोलताना आणि हसताना कर्सरचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. म्हणून चांगल्या प्रणालीत सर्व क्लिक थांबवणारी एक ‘विश्रांती’ची खूण असतेच असते. पडद्याच्या एका कोपऱ्यात कर्सर नेला की बाकी सर्व बंद, पुन्हा तिथे नेला की चालू. एखादे सॉफ्टवेअर निवडताना मी सर्वांत आधी हीच सोय पाहीन.

डोळ्यांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी तीव्र होतो. डोळ्यांचा मागोवा घेणारी साधने अवरक्त प्रकाश टाकून बुबुळावर उमटलेली चमक आणि बाहुलीचा मध्य यांच्यातले अंतर पाहतात व त्यावरून नजरेची दिशा काढतात. चांगल्या साधनांतही अर्धा ते एक अंशाची चूक राहते, आणि ६० सेंटिमीटरवरच्या पडद्यावर एक अंश म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर. शिवाय नजर मुळात झेपा घेत चालते. एका जागी ती सेकंदाच्या पाव भागाइतकीच टिकते आणि मग उडी मारते. पाहणे हे डोळ्यांचे मूळ काम आहे, त्यांच्यावर दाखवण्याचे आणि निवडण्याचेही ओझे टाकले की ते थकतात. २०२४ मध्ये आलेल्या ॲपलच्या व्हिजन प्रो या उपकरणात म्हणूनच कामे वाटून दिली आहेत: जागा डोळे दाखवतात, निवड मात्र मांडीवर टेकलेल्या हाताची दोन बोटे जुळवून करायची. ज्याची बोटे चालतात त्याच्यासाठी ही विभागणी उत्तम आहे.

आणि ज्याच्याकडे एकच हालचाल उरली आहे त्याचे काय? मोटर न्यूरॉन आजार झालेले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा हात निकामी झाल्यावर त्यांच्या चष्म्यावर एक अवरक्त सेन्सर बसवला गेला, जो गालाच्या स्नायूची हालचाल टिपत असे. गालाने जागा दाखवता येत नाही, फक्त ‘हो’ म्हणता येते. म्हणून जागा दाखवण्याचे काम संगणकाने स्वतःकडे घेतले: पडद्यावरच्या पर्यायांवरून एक खूण आपोआप सरकत राही, आणि हवा तो पर्याय आला की गाल हलवून तिला थांबवायचे. इंटेलने त्यांच्यासाठी विकसित केलेले हे सॉफ्टवेअर २०१५ मध्ये सर्वांसाठी मोफत खुले झाले. तीन कामांपैकी माणसाला जे जमते तेवढेच त्याच्याकडे ठेवायचे आणि उरलेले यंत्राने उचलायचे, ही विभागणी इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी यात एक खास अडचण आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. मानेने टंकलेखन करताना पडद्यावरचा कीबोर्ड वापरावा लागतो. लक्ष्य जितके लहान आणि जितके दूर तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच मोजून दाखवले होते. इंग्रजीला २६ अक्षरांच्या कळा पुरतात. देवनागरीत स्वर, व्यंजने, काना-मात्रा-वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त धरले तर कळा दुपटीहून अधिक होतात. त्या सगळ्या एकदम दाखवल्या तर प्रत्येक कळ लहान होते, आणि दोन पानांत विभागल्या तर पान बदलण्याचा एक क्लिक वाढतो. ‘स्त्री’ हा एकाक्षरी शब्द सुटा सुटा लिहायचा तर स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा निवडी होतात. प्रत्येक निवडीला जाण्यायेण्यासह दोन सेकंद धरले तर एका अक्षराला बारा सेकंद. जोडाक्षरे तयार मिळणे आणि पहिल्या एक-दोन अक्षरांवरून पुढचे शब्द सुचवले जाणे ही सोय इथे केवळ वेग वाढवत नाही, तर लिहिणे शक्य होईल की नाही हे ठरवते. मराठी कीबोर्ड बनवणाऱ्यांनी जलद टंकणाऱ्या बोटांसोबत या संथ मानेचाही विचार करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

घरी प्रयोग करून पाहायचा तर आज पैसे फारसे लागत नाहीत. विंडोजसाठी कॅमेरा माउस आहे. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणारे ‘ईव्हायाकॅम’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ॲपलच्या मॅकमध्ये मानेने चालणारा पॉइंटर अंगभूत आहे, आणि अँड्रॉइड फोनमध्ये चेहऱ्याच्या हावभावांना आज्ञा नेमून देण्याची सोय सुलभतेच्या सेटिंगमध्ये मिळते. सगळीच तंत्रे मात्र सगळीकडे पोहोचतात असे नाही. गूगलच्या पिक्सेल ४ या फोनमध्ये हातवारे ओळखणारे रडार होते. त्याला लागणाऱ्या ६० गिगाहर्ट्झ लहरींच्या वापराची परवानगी न मिळाल्याने २०१९ मध्ये तो फोन भारतात विक्रीला आलाच नाही.

मांडणीकडे लक्ष द्यावे. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळवंडतो आणि बिंदू सापडत नाहीत. प्रकाश समोरून किंवा बाजूने यावा. कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीवर असावा. सुरुवातीला कर्सरचा वेग कमी आणि थांबण्याचा वेळ जास्त ठेवावा, आणि वापरणाऱ्याच्या सवयीप्रमाणे दोन्ही हळूहळू बदलावेत. मान दुखू लागली तर वेग वाढवून हालचाल लहान करता येते, पण वर केलेले गणित पाहता त्यासोबत थरथरही वाढेल, म्हणून पडद्यावरची अक्षरे आणि बटणे मोठी करणे हा बहुधा अधिक चांगला उपाय ठरतो. मानेला इजा झालेल्या व्यक्तीने हे सगळे व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच सुरू करावे. दिवसभरात थकव्यानुसार मानेचा आवाकाही बदलतो, सकाळी जमणारा वेग संध्याकाळी जमत नाही. तेव्हा सेटिंग वेगवेगळ्या नावांनी साठवता येत असतील तर सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन निराळ्या नोंदी करून ठेवाव्यात.